बिहोगोचं शिंग

रुवेंकोबेत सिंह नाहीत, हे मी रोज सकाळी फाटकापाशी उभी राहून सांगायची. पाहुणे कुठलेही असोत, पहिला प्रश्न ठरलेला. सिंह? नाहीत. हत्ती? तेही नाहीत. मग आहे तरी काय? मग मी झेब्रे, इम्पाला, बैलाएवढी थोराड एलँड हरणं, तळ्यातले पाणघोडे, आणि नशीब जोरावर असेल तर बिबट्याचं शेपूट, असं सगळं मोजून दाखवायची. आमचं उद्यान लहान आहे. जीपने निघालं तर एका सकाळी संपतं. पण सिंह नाहीत म्हणूनच इथे पायी हिंडता येतं. सोबत एक बंदूकवाला असला की झालं. झेब्र्यांच्या कळपाशेजारून गवत तुडवत चालायचं, हे सुख मोठ्या उद्यानांत मिळत नाही. लोक त्यासाठीच आमच्याकडे येतात.

त्या दिवशीचे पाहुणे माझ्याच घरचे होते. म्हणजे होऊ घातलेल्या घरचे. तुरीनावेशी माझं लग्न ठरत होतं. तो कबालेच्या डोंगरातला, बटाट्याच्या शेतांमधला. त्याचे काका बितारिहो आणि आत्या केडरेस बोलणी करायला आले होते. मुलाने स्वतः यायचं नसतं, त्यामुळे तो कंपालातच. बोलणी दुसऱ्या दिवशी आमच्या घरी व्हायची होती, पण आत्याबाईंनी आल्या आल्या फर्मान काढलं.

"जन्मभर बटाटे बघितले मी. आता सुनेच्या राज्यात आलेय, तर झेब्रे बघितल्याशिवाय हलणार नाही."

आणि म्हणाल्या, व्याह्यांनीही बरोबर आलं पाहिजे.

बाबांना नाही म्हणता येईना. माझे बाबा, कारेमेरा, उद्यानाच्या कुंपणाला लागून असलेल्या आमच्या गावात लांब शिंगांच्या गाईंसाठी नावाजलेले. आमचं कुरण उद्यानात गेलं तेव्हापासून त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं. निदान मी तसं समजत होते. मी गाईडची नोकरी धरली तेव्हा ते आईला म्हणाले होते, "जनावरांच्या मागेच हिंडायचं होतं तर आपल्या गाई काय मेल्या होत्या?" माझं काम बघायला ते कधी आले नाहीत. त्या सकाळी आले. डोक्यावर टोपी, हातात गुराख्याची काठी, चेहऱ्यावर दुसऱ्याच्या घरी जेवायला बसल्यासारखा भाव.

बंदूक घेऊन लोकिरू होता. तो उत्तरेकडच्या करामोजाचा, उंच, काटकुळा, आणि तोंडाने फटकळ. आमचे लोक आणि त्याचे लोक दोघंही गाईवाले, त्यामुळे बाबांनी त्याला बघितल्याबरोबर सुरुवात केली.

"करामोजाचा का रे तू? मग आज आमच्या गाई सुरक्षित. चोर इथे आमच्याबरोबर आहे."

"मामा, आम्ही चोरत नाही," लोकिरू म्हणाला. "देवाने सगळ्या गाई आम्हालाच दिल्या होत्या. तुमच्याकडे चुकून राहिलेल्या परत नेतो, एवढंच."

बितारिहो काका पोट धरून हसले. बाबाही हसले, पण चोर हा शब्द आपल्याच तोंडून गेला हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हसणं मध्येच तुटलं. आमच्या घरात तो शब्द गेल्या वर्षापासून कुणी उच्चारत नव्हतं.

त्याचं कारण सांगायला हवं. गेल्या वर्षी दुष्काळात बाबांची बिहोगो नाहीशी झाली. गडद तांबूस रंगाची, कळपातली पहिली गाय, तिच्या आवाजावर बाकीच्या गाई चालायच्या. त्या रात्री कळप धाकट्या काकांकडे होता. मुगारुरा काका म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ. पहाटे ते कळप घेऊन आले आणि म्हणाले, बिहोगो मागे राहिली, शोधली, सापडली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या दारात मोटरसायकल उभी राहिली. मेव्हण्याने दिली म्हणत होते. बाबांनी ऐकून घेतलं नाही. गावाच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्यांना चोर म्हटलं, मग पोलिसांत गेले. न्यायाधीशांनी विचारलं, गाय कुठे हरवली? काका म्हणाले, डोंगरात कुठेतरी. कुठल्या डोंगरात? आठवत नाही. ज्याला गाय कुठे हरवली हेही सांगता येत नाही त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? काकांना कैद झाली. नायेबारे काकू मुलांना घेऊन इबांडाला माहेरी गेली. काका सुटले ते गावात आलेच नाहीत. तळ्याच्या पलीकडे वीटभट्टीवर काम करतात, एवढं ऐकून होतो.

तर आम्ही चाललो होतो. जुलैचं सुकलेलं गवत, बाभळीच्या विरळ सावल्या. झेब्रे भरपूर दिसले. आत्याबाई प्रत्येक झेब्र्याला "अगं बाई, कशी रेघा मारून आलीय!" म्हणत होत्या. मग त्यांना एलँड बघायचे होते. गवत जाळलं होतं त्यामुळे एलँड या वर्षी पूर्वेच्या टेकडीमागे गेले होते. त्या बाजूला आम्ही सहसा पाहुण्यांना नेत नाही. काटेरी झुडपं फार.

"इथे सिंह-बिंह काही नाही ना पण?" बितारिहो काकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"सिंह?" बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात यजमानाचा रुबाब आला. "सिंह आम्ही संपवले. ही पोर पाळण्यात होती तेव्हा. शेवटच्याने माझी तीन वासरं नेली. मेलेल्या चौथ्या वासरात विषारी औषध भरून ठेवलं. मी आणि..."

ते थांबले. "मी आणि अजून एक जण," म्हणाले.

टेकडी उतरल्यावर एलँडचा कळप दिसला. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आणि मला काहीतरी खटकलं. माणूस दिसला की एलँड माणसाकडे बघतात, मग दुडक्या चालीने निघून जातात. हे आमच्याकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला, आमच्या उजवीकडे, वळलेल्या. एकही कान हलत नव्हता.

मी उजवीकडे बघितलं. झुडपाच्या सावलीत गवताचा एक पिवळा ढीग होता. तो ढीग उठून उभा राहिला.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नाही." भीतीने ओरडले नाही, कुणाला सावधही केलं नाही. नुसतं "नाही," असं कुणी खोटं बोललं की म्हणतो तसं. कारण रुवेंकोबेत सिंह नाहीत. मीच तर सांगते रोज. आणि तो समोर उभा, मानेवर विरळ काळपट आयाळ, बरगड्यांवर जुने ओरखडे, आणि डोळे आमच्यावर लागलेले. चित्रांत दिसतो त्यापेक्षा तो मोठा होता की लहान, हे मला आजही सांगता येणार नाही.

लोकिरूची बंदूक खांद्याला लागलेली होती. त्याचा आवाज अगदी खाली आला.

"कुणी पळायचं नाही. कुणी म्हणजे कुणी नाही. एकमेकांना धरा. त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका."

बितारिहो काकांनी मागून माझा कमरपट्टा दोन्ही मुठींत धरला. मला त्यांचे दात वाजलेले ऐकू येत होते. आम्ही मागे सरकलो. सिंह एक पाऊल पुढे आला आणि त्याच्या छातीतून आवाज निघाला, गर्जना नव्हे, दगडावर दगड घासावा तसा. तो मला पोटात जाणवला.

तेवढ्यात आत्याबाई पडल्या. मागे सरकताना पाय कशाला तरी अडकला आणि त्या पाठीवर आदळल्या. लोकिरूने मान वळवली नाही, नुसतं म्हणाला, "उठवा त्यांना." बाबा खाली वाकले. आत्याबाईंचा दंड धरून त्यांनी त्यांना उभं केलं, माझ्याकडे ढकललं. आणि स्वतः वाकलेलेच राहिले.

आत्याबाईंचा पाय ज्याला अडकला होता ते शिंग होतं. आमच्या गाईंचं, वीतभर रुंद बुडाचं, अर्धं मातीत गेलेलं. शेजारी कवटी, पांढऱ्या पडलेल्या बरगड्या, गवतातून वर आलेल्या. बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी शिंगाच्या टोकावरून हात फिरवला. तिथे तांब्याची तार गुंडाळलेली होती.

ती तार मी ओळखली. बिहोगो तरुण असताना दुसऱ्या गाईशी भिडली आणि शिंगाचं टोक चिरलं. बाबांनी आणि काकांनी मिळून जुन्या रेडिओतली तार काढून ती चीर बांधली होती. मी गाईचं डोकं धरलं होतं.

"बाबा," मी पुटपुटले. "बाबा, उठा."

त्यांना ऐकू गेलं नाही. समोर सिंह उभा, आणि माझे बाबा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून नखांनी तार सोडवत होते. काठी बाजूला पडली होती. टोपी पडली होती. ते काहीतरी बोलत होते, आणि मला वाटलं प्रार्थना करताहेत. मग कळलं, ते तिला हाक मारत होते. कळप घरी आणताना मारतात तशी, लांबवून, "बिहोगो... बिहोगो..."

"मामा!" लोकिरू दात आवळून म्हणाला. "मामा, मला गोळी घालायला लावू नका!"

सिंहाने बाबांकडे बघितलं. किती वेळ, मला माहीत नाही. एलँडचा कळप एकदम उधळला, खुरांचा धडधडाट झाला, आणि सिंहाने मान तिकडे वळवली. मग आमच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा चालीने तो झुडपात शिरला. फांदीसुद्धा हलली नाही.

लोकिरूने बाबांना काखेत हात घालून उचललं. त्यांच्या मुठीत तार होती. तो काही म्हणाला नाही, मीही म्हणाले नाही. उद्यानातून गवताची काडीही न्यायची नसते, आणि मी गणवेशात होते.

जीपपर्यंत कसे आलो ते मला धड आठवत नाही. फाटकाजवळच्या खाणावळीत बसलो. दुधाचा चहा आला, तो माझ्या हातून बशीत सांडला. बितारिहो काकांना मात्र भीती उतरल्यावर बोलण्याचं भरतं आलं होतं. खाणावळवाल्याला, चालकाला, भेटेल त्याला सांगत होते.

"आम्ही सगळे लटपटतोय, आणि आमचे व्याही? सिंहासमोर मांडी घालून बसले! अरे, डोळे मिटून मंत्र म्हटले यांनी, तसा तो वळला! मी डोळ्यांनी बघितलंय. अशा घरातली मुलगी आम्हाला मिळतेय!"

खाणावळवाला बाबांकडे आदराने बघायला लागला. बाबांनी एवढं म्हटलं असतं की हो, आमच्यात असं असतं, तरी चाललं असतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्या हाडांचा अर्थ तिथे आम्हा दोघांनाच माहीत होता, आणि मी मुलगी होते, दुसऱ्या दिवशी बोलणी होती, मी तोंड उघडणार नव्हते.

बाबांनी तार टेबलावर ठेवली.

"ही माझ्या गाईची आहे," ते म्हणाले. "हिच्यासाठी मी माझ्या भावाला कैदेत घातलं."

बितारिहो काकांनी कप खाली ठेवला. बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"दुष्काळात बाहेर पाणी नव्हतं, पोरी. आम्ही रात्री गाई इथे आणायचो. तळ्यावर. कधी मी, कधी तो. तू इथे नोकरीला, म्हणून तुला सांगितलं नाही."

मी काय ऐकतेय हे मला समजायला वेळ लागला. चोरून आलेल्या गुरांच्या खुरांचे माग मी त्या वर्षी किती वेळा बघितले होते, उद्यानाच्या साहेबांना दाखवले होते. ते आमच्याच गाईंचे होते.

"न्यायाधीशाने त्याला विचारलं," बाबा म्हणाले, "गाय कुठे हरवली. तो म्हणाला, आठवत नाही. मी तिथे बसलो होतो. मला माहीत होतं त्याला आठवतंय. तो उद्यानाचं नाव का घेत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरतोय. त्याने नाव घेतलं असतं तर मीही आत गेलो असतो. तुझी नोकरीही गेली असती."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. एखाद्या परक्या माणसाची हकिगत सांगावी तसे बोलत होते, आणि चेहरा राखेसारखा झाला होता. मला त्यांना धरावंसं वाटलं आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटलं. मीही वर्षभर काकांना चोरच समजत होते.

शेवटी केडरेस आत्याबाईंनी कपड्याच्या टोकाने खरचटलेलं कोपर पुसलं आणि विचारलं,

"तो भाऊ जिवंत आहे ना?"

"आहे. पलीकडे. वीटभट्टीवर."

"मग इथे बसून चहा काय पिताय?"

"केडरेस," बितारिहो काका दबक्या आवाजात म्हणाले, "त्यांच्या घरातली गोष्ट आहे."

"उद्यापासून आपलंच घर ना ते? गाडी काढ."

गाडी त्यांचीच होती. तळ्याला वळसा घालून आम्ही भट्टीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मुगारुरा काका चिखल तुडवत होते, गुडघ्यापर्यंत. मी त्यांना ओळखलंच नाही आधी. केस पिकले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि पाय तुडवायचे थांबले नाहीत.

बाबा चिखलाच्या कडेला उभे राहिले. त्यांनी तळहात पुढे केला. तार बघून काकांचे पाय थांबले.

"कुठे सापडली?"

"पूर्वेच्या टेकडीमागे. सिंह आहे तिथे, मुगारुरा. आम्ही सगळ्यांनी बघितला. त्याने नेली तिला."

"सिंह," काका म्हणाले. मग हसायला लागले. मजेचं हसणं नव्हतं ते, ऐकवत नव्हतं. भट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. "म्हणजे सिंह भेटला म्हणून मी खरा! आणि नसता भेटला तर?"

बाबांनी तार मुठीत धरली.

"सांग ना, दादा. नसता भेटला तर? मी मरेपर्यंत चोर? मी तुझ्या पायावर हात ठेवून सांगितलं होतं. आईची शपथ घेतली. तुला पटलं नाही. आज गाईच्या हाडांनी सांगितलं, लगेच पटलं!"

"माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. जा आता. विटा वाळायच्या आहेत."

"दहा गाई घे. वीस घे. तू म्हणशील त्या निवड."

काकांनी पायाने चिखलाचा गोळा उडवला. तो बाबांच्या कोटावर बसला. "मला गाय देऊ नकोस," ते म्हणाले. "पुन्हा हरवली तर?"

आत्याबाई पुढे आल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण काकांच्या तोंडाकडे बघून थांबल्या. बाबा तिथेच विटांच्या ढिगावर बसले. आम्ही बोलावलं, उठले नाहीत. संध्याकाळी भट्टीचं काम सुटलं, काका हातपाय धुऊन झोपडीत गेले, दार लावून घेतलं. मग बाबा उठले.

दुसऱ्या दिवशी बोलणी झाली नाहीत. बाबांनी गावाची बैठक बोलावली, त्याच झाडाखाली, आणि सगळं सांगितलं. गाई कुठे नेत होतो, तेही. बितारिहो काका आणि आत्याबाई पाहुणे म्हणून शेवटच्या ओळीत बसून ऐकत होते. मग सिंहाचं ऐकून चार-दोन तरुण पोरं उठली. औषध कुठे मिळतं ते त्यांना माहीत होतं.

"खाली बसा," बाबा म्हणाले. "तो त्याच्या घरात होता. गाय तिथे आम्ही नेली."

उद्यानाने बाबांना दंड केला. साहेबांनी मला बोलावून सगळं विचारलं, मी सांगितलं. नोकरी राहिली. पायी फिरणं मात्र तेव्हापासून बंद झालं, आता पाहुण्यांना जीपनेच नेतो. सिंह आहे का, असं विचारतात तेव्हा मी हो म्हणते आणि अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

लग्न लांबलं, पण झालं. बितारिहो काकांना आधी नको वाटत होतं. आत्याबाईंनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही. पाठवणीच्या दिवशी मुलीकडून काकाने बोलायचं असतं. बाबांनी मांडवात ती खुर्ची रिकामी ठेवली. कुणाला बसू दिलं नाही. मुगारुरा काका आले, उशिरा, मोटरसायकलवरून. खुर्चीवर बसले नाहीत, शेजाऱ्यांत उभे राहिले. बाबा दुधाने भरलेला, कोरलेल्या भोपळ्याचा तुंबा दोन्ही हातांत धरून त्यांच्याजवळ गेले. सगळा मांडव तिकडे बघायला लागला. काकांनी तुंबा घेतला, दूध प्याले, आणि परत बाबांच्या हातात न देता शेजारच्या माणसाकडे दिला.

निघताना ते माझ्यापाशी आले. "नवऱ्याने कधी तुझं ऐकलं नाही," म्हणाले, "तर माझ्याकडे ये. मी ऐकेन."

नायेबारे काकू अजून इबांडालाच आहे. बाबा तिच्या माहेरी जातात, अंगणात बसतात, तिचे वडील त्यांना पाणी देतात, आणि ते परत येतात. आई म्हणते, आता पुरे. बाबा काठी उचलतात आणि बस पकडायला निघतात.